शेवंताचा डोळा आणि दारातली बालटी

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. मानूही नका. आमच्या गोहलपूर मोहल्ल्यात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस नथ्थू सायकलवाला होता. मी ग्वारीघाटावर मगरीला आरतीच्या तालावर शेपूट हलवायला शिकवल्याचं ऐकलं, तेव्हा त्यानेही हात जोडले. पण या गोष्टीतला डोळा खरा आहे, बालटी खरी आहे, आणि साबण तर इतका खरा आहे की त्याचा वास अजून माझ्या नखांतून जात नाही. मधलं जे उरतं ते ज्याने त्याने आपल्या पचनशक्तीप्रमाणे घ्यावं.

हल्ली संध्याकाळी अंबादास आमच्या ओसरीवर येऊन बसतो. फॅक्टरीत आम्ही एकाच सेक्शनला होतो, रिटायरही सोबतच झालो. त्यामुळे माझी थाप कुठे सुरू होते ते त्याला माझ्याही आधी कळतं. आत शेवंता, माझी बायको, जाड भिंगाचा चष्मा लावून मटार सोलत असते. एका डोळ्याने. दुसरा तिचा लहानपणीच गेला. डोळे आले होते, गावच्या वैदूने कसल्याशा झाडाचा चीक घातला, बुबुळावर फूल पडलं, आणि तो डोळा जन्मभर नुसता नावाला राहिला. उरला एक. मी फॅक्टरीत होतो त्या काळात त्यातही मोतीबिंदू झाला, आणि पिकला. भाजीत ती मिठाच्या जागी साखर टाकू लागली. मी तक्रार केली नाही. पण एकदा तिने मला हाक मारली, "कोण आहे जी दारात?" आणि दारात मीच होतो. मग मात्र मी उठलो.

ऑपरेशन हिवाळ्यात करायची रीत आहे, असं सगळ्या मोहल्ल्याने सांगितलं. डॉक्टर विनताबाई म्हणाल्या, "मोतीबिंदूला कॅलेंडर वाचता येत नाही. अजून थांबलात तर डोळा हातचा जाईल." म्हणून पावसाळा सरता सरताच ऑपरेशन झालं. विनताबाई दीक्षितपुऱ्यातल्या, आपल्याच मराठी. घरी सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दयारामजी, टाके छान बसलेत. माझं काम झालं. आता डोळा राहील की जाईल, ते तुमच्या घरच्या हातांवर आहे."

मी माझे हात पुढे करून दाखवले. चांगले भक्कम हात.

"हेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "जंतूंना पाय नसतात. ते आपण होऊन चालत येत नाहीत. आपणच त्यांना आणतो. सायकलच्या मुठीवरून, दाराच्या कडीवरून, दुसऱ्याच्या रुमालावरून. आपण त्यांचे रिक्षेवाले."

"बिना भाड्याचे?"

"बिना भाड्याचे. गावात डोळ्यांची साथ आहे. तिला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. तुम्हीसुद्धा. टॉवेल वेगळा, उशी वेगळी. ज्याचा डोळा लाल, तो घराबाहेर. डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीला कोणी शिवायचं नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा आत जंतू शिरला, तर मग मीही काही करू शकणार नाही. आणि तिला दुसरा डोळा नाही."

हे वाक्य मी रिक्षात घरापर्यंत मांडीवर घेऊन आलो.

आता मुद्दा असा, की आमच्या लोकांत आजाऱ्याच्या समाचाराला जाणं हे लग्नाला जाण्याहून महत्त्वाचं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आहेर पाठवता येतो. समाचार पाठवता येत नाही. आणि समाचार म्हणजे दुरून "बरं आहे ना?" विचारून परत फिरणं नव्हे. कपाळावर हात ठेवावा लागतो. आजाऱ्याचा हात हातात घ्यावा लागतो. डोळ्याचं ऑपरेशन असेल तर पट्टी थोडीशी उचलून "पाहू पाहू" करावं लागतं. त्याशिवाय आलेल्या माणसाला आपण आलो असं वाटतच नाही. प्रत्येकाजवळ एक औषधही असतं. कोणी मध आणतं, कोणी गुलाबजल, कोणी घरचं काजळ. आमच्या घरावर हे सगळं प्रेम चाल करून येणार होतं, आणि मधे उभा होतो मी एकटा.

मी दारात एक स्टूल ठेवलं. स्टुलावर पाण्याची बालटी, लोटा, लाल साबण. कोणीही येवो, आधी हात धुवायचे, मग आत. पाणी ओतायला माझी सासू, भीमाबाई. तिने बालटी पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"हे मले जमणार न्हाई, जवाईबापू."

"काहून?"

"मी पोर होती तवा विहिरीवर चढू न्हाई देत होते आमाले. वरून ओंजळीत पाणी टाकत, अन् तेबी तोंड फिरवून. त्या दारायच्या बाहेर माही माय उभी राहून राहून म्हातारी झाली. अन् आता आपलं दार झालं, तं आपण लोकायले बाहेर उभं करायचं? लोकं काय म्हणतीन?"

 मी म्हणालो, "आई, त्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं ते आपण कोण आहोत हे पाहून. मी कोणालाच बाहेर ठेवत नाही. हात धुतले की सगळे आत. आणि आधी माझे. सगळ्यांसमोर."

मी हात पुढे केले.  ती उठली, लोटा घेतला. माझे धुऊन झाल्यावर स्वतःचे धुतले, अगदी कोपरापर्यंत, आणि म्हणाली, "नखं दाखवा." त्या क्षणापासून त्या दारावर माझा हुकूम चालणं बंद झालं. तिथे तिचं राज्य सुरू झालं.

पहिला आला हा अंबादास. काळा गॉगल लावून. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही डोळे येतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून तो कोणाकडेच न पाहता, चाचपडत, रस्त्यातल्या प्रत्येक भिंतीला, खांबाला आणि गायीला हात लावत आमच्या घरापर्यंत पोचला. म्हणजे गोहलपुरात जेवढे जंतू होते तेवढ्यांना त्याने जागोजागी थांबून बसवून घेतलं.

"नजरेनं होत नाही रे, हातानं होते," मी म्हणालो.

"तू डॉक्टर केव्हापासून झाला बे?" असं म्हणून त्याने धुतलेल्या हातांनी तोच गॉगल काढला आणि शेवंताला भेट दिला. मी तो निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकला. प्लास्टिकचा होता. बाहेर काढला तेव्हा त्याची जिलबी झाली होती.

"नवा होता तो," गोष्ट इथवर आली की ओसरीवर अंबादास आजही न चुकता म्हणतो.

मग नथ्थू आला. सायकल दुरुस्तीवाल्याचे हात, त्यांचा रंग मूळचा कोणता हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. भीमाबाईने साबण दिला, फेस काळा आला. पुन्हा दिला, पुन्हा काळा.

"अरे बड्डे," म्हणजे मोठ्या भावा, नथ्थू मला म्हणाला, "अम्मा को समझाओ. ये मैल नहीं है, ये धंधा है."

"धंदा बाहेर ठेव," भीमाबाई म्हणाली. "अंदर रिकाम्या हातानं जा."

त्याने रॉकेलने घासले, रेतीने घासले, साबणाने घासले. शेवटी आतून दोन गोरे हात निघाले. नथ्थू त्यांच्याकडे असा पाहत राहिला जसे कोणी दुसऱ्याचेच जोडून दिले आहेत. घरी गेला तर कुत्रं भुंकलं. हे खरं आहे. त्याच्यामागे शेजारच्या फरीदाबींची बकरी आली, तिचेही पुढचे दोन खूर भीमाबाईने धुतले...

"बकरीचे?" अंबादास.

"पुढचेच. मागचे तिने धुऊ दिले नाहीत."

माझ्या स्वतःच्या हातांचं काय झालं ते विचारूच नका. दिवसभर धुऊन धुऊन तळहात इतके गुळगुळीत झाले, की ओमतीला फुटपाथवर बसणाऱ्या ज्योतिष्याने माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. "बाबूजी, इसमें तो कुछ लिखा ही नहीं है." मी ज्योतिष मानत नाही. पण ज्योतिषाने तरी मला मानावं, एवढी अपेक्षा होती. फॅक्टरीतही माझी शोभा झाली. आमच्या सेक्शनला हात पुसायला सगळ्यांत मिळून एकच फडकं. मी म्हटलं, आपापलं ठेवा, नाहीतर डोळ्यांची साथ सगळ्यांना समान वाटली जाईल. लोक म्हणू लागले, ऑपरेशन बायकोचं झालं आणि डोकं नवऱ्याचं फिरलं. दुरूनच मला जयभीम करू लागले. मग साथ सेक्शनात शिरली आणि फडक्याचे सगळे भागीदार एकसाथ लाल डोळ्यांनी सुट्टीवर गेले. कामावर मी आणि मशीन, दोघंच. तेव्हा कोणी हसलं नाही, कारण हसायला कोणी नव्हतंच.

पण खरा प्रसंग उभा राहिला तो भय्यासाहेबांमुळे.

भय्यासाहेब दीक्षितपुऱ्याचे. पेशव्यांच्या काळात त्यांचे पूर्वज सरदाराच्या दफ्तरात कामाला इकडे आले, ते इथलेच झाले. स्वतः हेडमास्तर होते. अर्ध्या गोहलपुराने त्यांच्या हातचा मार खाल्ला आहे. माणूस वाईट नव्हे, मुलांना जातपात न पाहता मारायचे. आमच्याकडे यायचे, खुर्चीवर बसायचे, प्रेमाने बोलायचे. फक्त पाणी पुढे केलं की म्हणायचे, "आत्ताच झालं." वर्षानुवर्षं त्यांचं पाणी आत्ताच झालेलं असायचं.

ते काठी टेकत समाचाराला आले. दारात बालटी. बालटीमागे लोटा घेऊन भीमाबाई.

"हात धुवा जी," ती म्हणाली.

"मी घरून स्नान करून आलोय, बाई."

"मंग हात जल्दी धुतले जातीन."

भय्यासाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. "दयाराम, तुझ्या दारात मला... मला हात धुवायला लावतोस?"

मी त्यांचा विद्यार्थी. माझे पाय आपोआप जुळले. पण आत शेवंताचा एकच डोळा होता. मी म्हणालो, "गुरुजी, आधी मी धुतो, मग तुम्ही." आणि त्यांच्यासमोर धुतले. त्यांनी माझ्या हातांवरून वाहणारं पाणी पाहिलं, भीमाबाईकडे पाहिलं, आणि वळून निघून गेले. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची काठी ऐकू येत होती. मला इतकं वाईट वाटलं की मी परत एकदा हात धुतले.

त्यातच गल्लीत पाणी सांडतं म्हणून कोणीतरी तक्रार केली. वॉर्डाच्या ऑफिसातला एक बाबू आला. भला माणूस, पण गोंधळलेला. त्याला हे कळेना, की ही बालटी कोणत्या खात्यात घालावी.

"होटल है?"

"नाही."

"प्याऊ है?"

"पीने का नहीं, धोने का है."

"नाई की दुकान?"

"अजी घर आहे माझं!"

त्याने डोकं खाजवलं. भीमाबाई लगेच म्हणाली, "धुवा." त्याने निमूट हात धुतले, मग प्रसन्न होऊन म्हणाला, "चलो, धार्मिक कार्यक्रम लिख देता हूँ. उसमें पानी माफ है."

मी त्याला चहा पाजला आणि समजलो, सुटलो. कसला सुटतो! दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बालटीसमोर नारळ. बाजूला अगरबत्ती. बालटीच्या कडीला लाल धागा. बाबासाहेबांच्या पोरांनी सगळे देव घराबाहेर काढले, आणि आता माझ्या दारात बालटीचा देव झाला! अंबादासला विचारलं तर कळलं, की सगळ्या मोहल्ल्यात बातमी आहे: दयारामच्या घरी हिरव्या पट्टीवाली माई बसली आहे, तिच्या दारच्या पाण्याने आलेले डोळे बरे होतात. सरकारी कागदावर धार्मिक लिहिलं आहे, म्हणजे खोटं कसं असेल!

दुपारपर्यंत गल्ली भरली. अहो, ती रांग गोहलपूरच्या पोलीस ठाण्याला वळसा घालून थेट ओमतीला पोचली. तिथे लोकांना वाटलं रॉकेल आलंय, म्हणून ते डबे घेऊन मागून रांगेत लागले. आणि रांगेत कोण? ज्यांचे डोळे आले ते! सगळा शहरभरचा लाल डोळा माझ्या दारात. चिपडं पुसत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत, एकाच पदराने तीन पोरांचे डोळे पुसत. ज्या रोगाला दारातून आत येऊ द्यायचं नव्हतं, त्याला मी गाजावाजा करून गावभरातून बोलावून घेतलं होतं. प्रत्येकाला बालटीत हात बुडवायचा होता. कित्येकांना आत जाऊन माईच्या पट्टीला डोळे लावायचे होते.

मी दार लावून पाठ टेकवली. बाहेरून ढकलत होते. आतून शेवंताने विचारलं, "काय होऊन राहिलं जी? कोण आहे?" तिच्या आवाजात भीती होती. मला थाप सुचेना. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर भीमाबाई एकटी, लोटा तलवारीसारखा धरून.

आणि तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "रांग सरळ करा!"

काय सांगू तुम्हाला. त्या आवाजाने अर्ध्या लोकांचे हात आपोआप मागे गेले. ज्यांनी तो मार खाल्ला होता त्यांना, आणि ज्यांच्या बापांनी खाल्ला होता त्यांनाही, घाम फुटला. भय्यासाहेब काठी टेकत स्टुलापाशी आले. मी फटीतून पाहत होतो. त्यांनी भीमाबाईपुढे दोन्ही हात धरले.

"ओता, बाई."

भीमाबाई हलली नाही. "पाणी कोणाच्या हातचं आहे, मालूम आहे न जी?"

"साबण कुठे आहे ते सांगा," भय्यासाहेब म्हणाले.

तिने ओतलं. त्यांनी बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत धुतलं. सगळ्या गल्लीसमोर. विनताबाई त्यांच्या पुतणी लागतात, हे मला मागाहून कळलं. घरी जाऊन भय्यासाहेबांनी माझी तक्रार पुतणीकडे केली असणार, आणि तिने काकांना काय सांगितलं ते फक्त तिला माहीत. मग ते गर्दीकडे वळले. "इस पानी में कोई जादू नहीं है! बीमारी तुम्हारे हाथों में है! अपना गमछा अपने पास, आँख मत मलो, बच्चों के हाथ साबुन से धुलाओ, और डाक्टर के पास जाओ. भीतर एक औरत की एक ही आँख है. जो दरवाज़े को हाथ लगाएगा, उसे मैं मुर्गा बनाऊँगा!"

पन्नाशीचा एक हवालदार सवयीने वाकलासुद्धा. रांग उलटी फिरली. कोणी कोणाला शिवत नव्हतं. ओरडून भय्यासाहेबांचा घसा कोरडा पडला होता. भीमाबाईने लोटा पुढे केला. त्यांनी घटाघटा प्यायलं, आणि मिशा पुसायला हात वर नेला, मग काय आठवलं कोणास ठाऊक, तसाच खाली आणला. मी इतक्या मोठमोठ्या गोष्टी सांगतो, पण ही एवढीशी मात्र आवाज न चढवता सांगतो. हीच कोणी मानत नाही.

नंतर समाचाराला येणारे सगळे न सांगता धुऊन आले. शेवंताजवळ बसले, पण हात मांडीखाली दाबून. फरीदाबींनी दारातूनच दुवा मागितली, पोराचे डोळे आले होते म्हणून. नथ्थूने दुकानात स्वतःची साबणाची वडी ठेवली. कोणी काही दिलं त्याचे आभार सगळेच मानतात. मी मात्र न लागलेल्या हातांचा ऋणी आहे. मायेपोटी पुढे आलेला हात मागे घेणं सोपं नसतं. सबंध मोहल्ल्याने तो मागे घेतला, माझ्या शेवंतासाठी. आज ती मटारातली अळी चष्म्यातून हेरून बाजूला काढते, तेव्हा मला ते सगळे हात आठवतात, काळे, गोरे, म्हातारे.

टाके काढायच्या दिवशी दवाखान्यात भीमाबाई, मी आणि हा अंबादास. विनताबाईंनी पट्टी काढली. भिंतीवरचं घड्याळही थांबलं...

"घड्याळ बंदच होतं तिथलं," अंबादास म्हणाला.

बरं, बंद होतं. शेवंताने पापणी उचलली. डोळा काचेसारखा स्वच्छ. तिने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. मी ताठ उभा होतो, हसत, अगदी शांत. आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अगं बाई! तुम्ही तं अजून लग्नातल्यासारखेच दिसता!"

अंबादासने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी आतलं मटाराचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. शेवंता दारात येऊन उभी राहिली, चष्मा नाकावर सरकवत.

"खोटं! काहून खोटं बोलून राहिले जी? मले तुमचं तोंड दिसलंच न्हाई त्या दिवशी. खाटेमागं बसून, तोंडावर माह्या पदराचं टोक धरून, लेकरासारखे रडून राहिले होते!"